विकत न मिळणाऱ्या वस्तूंचा बाजार

घरसजावटीच्या व्यापारी प्रदर्शनात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो हा, की इथे काहीच विकत मिळत नाही. गोरेगावच्या नेस्कोत हॉलच्या हॉल भरून पडदे, गालिचे, टॉवेल, गाद्या, उशा मांडलेल्या असतात. एखादा अभ्रा डोळ्यांत भरतो, हात पाकिटाकडे जातो, आणि स्टॉलवरचा माणूस अगदी सरावल्या आवाजात विचारतो, "मॅडम, तुमचं शॉप कुठे आहे? होलसेल की रिटेल?" नुकताच इंटिरिअर डिझाइनचा कोर्स संपवून, एका फ्लॅटचं काम हातात असलेल्या मुलीकडे याचं उत्तर नसतं. ती म्हणते, "नाही, मी डिझायनर आहे." त्यावर तो हसून एक कार्ड देतो आणि मागे उभ्या असलेल्या इंदूरच्या व्यापाऱ्याकडे वळतो.

यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. हा बाजारच नमुन्यांचा आहे, आणि तो तसा का झाला हे समजलं की तिथे आपण काय करायचं तेही समजतं.

जर्मनीतलं लाइपझिग हे जुन्या जत्रांचं शहर. सम्राट मॅक्सिमिलियनने 1497 मध्ये तिथल्या जत्रेला खास अधिकार दिले, आणि पुढची चार शतकं व्यापारी गाड्या भरभरून माल तिथे आणत, विकत आणि रिकाम्या गाड्या घेऊन परतत. मग कारखाने आले आणि रेल्वे आली. हाताने केलेल्या दोन वस्तू कधी हुबेहूब सारख्या नसतात, म्हणून घेणाऱ्याला प्रत्यक्ष तोच नग बघावा लागे. यंत्रावरचा हजारावा नग पहिल्यासारखाच असतो. एक दाखवला की काम झालं, बाकीचे नंतर रेल्वेने पाठवता येतात. लाइपझिगने हे ओळखलं आणि 1895 मध्ये मालाऐवजी नमुन्यांची जत्रा भरवली. आजची सगळी व्यापारी प्रदर्शनं या जत्रेच्या वंशातली.

त्याच्याही आधी, 1851 मध्ये, लंडनच्या हाइड पार्कात जोसेफ पॅक्स्टनने उभारलेल्या काचेच्या महालात जगभरच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. साठ लाखांवर लोक आले. तिथे तर वस्तूंवर किंमत लावायलाही मनाई होती. हिंदुस्थानातून गेलेली कापडं पाहून ओवेन जोन्स हा रचनाकार इतका भारावला, की 1856 मध्ये त्याने नक्षीकामावर जो प्रसिद्ध ग्रंथ काढला त्यात भारतीय नक्षीला स्वतंत्र प्रकरण दिलं. ती कापडं विणणाऱ्यांची नावं मात्र त्या प्रकरणात शोधून सापडत नाहीत.

आज या धंद्याची मोठी ठाणी ठरलेली आहेत. फ्रँकफुर्टला जानेवारीत हाइमटेक्स्टिल भरतं, 1971 पासून. घरगुती कापडाच्या जगात त्याच्याइतकं वजन दुसऱ्या प्रदर्शनाला नाही, आणि तिथे स्टॉल घेणाऱ्यांत भारतीय कंपन्या मोठ्या संख्येने असतात. मिलानचं सालोने देल मोबिले 1961 चं. ते मूळ फर्निचरचं. त्यातच 1998 पासून पस्तिशीच्या आतल्या डिझायनरांसाठी 'सालोने सॅटेलाइट' हा वेगळा विभाग असतो. आपल्याकडे मुंबईत एचजीएच इंडिया आहे, 2012 पासूनचं. 'प्रवेश फक्त व्यावसायिकांना' ही पाटी तिथे नुसती शोभेला लावलेली नसते. आधी ऑनलाइन नोंदणी करायची आणि व्हिजिटिंग कार्ड बरोबर ठेवायचं. हे प्रदर्शन भरतं ते नेस्को म्हणजे मूळची न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनी. कारखान्याच्या जागेत आता प्रदर्शनं भरतात, ही मुंबईच्या गेल्या काही दशकांची गोष्ट एका पत्त्यात आली. राम मंदिर स्टेशनवर उतरलात तर रिक्षा पटकन मिळते.

आता पुन्हा त्या स्टॉलकडे. तो माणूस आपल्याला का झटकतो? त्याचं गणित मागावर ठरलेलं असतं. पडद्याचं किंवा सोफ्याचं नक्षीदार कापड जॅकार्ड मागावर निघतं. त्यासाठी आधी ताण्याचे हजारो धागे एका बीमवर गुंडाळायचे, ते मागात भरायचे, मग नक्षी चढवायची. ही तयारी वीस मीटरसाठी करा की दोन हजार मीटरसाठी, कष्ट तेवढेच. रंगाईचंही तेच आहे. यंत्राच्या भांड्यात ठरावीक वजनाचं कापड गेलं तरच पाणी, वाफ आणि रंग यांचा खर्च अंगावर येत नाही. म्हणून प्रत्येक स्टॉलवर एक आकडा ओठांवर तयार असतो, 'एमओक्यू', म्हणजे याच्याखाली ऑर्डर घेत नाही ती मर्यादा. फ्लॅटच्या एका हॉलसाठी आपल्याला हवे असतात वीसेक मीटर. गिरणी आणि आपण यांच्यामध्ये म्हणूनच आणखी एक माणूस लागतो. तो गिरणीकडून रोलच्या रोल उचलतो, त्यांचा कॅटलॉग बांधतो आणि तुकडा कापून देतो. धंद्यात याचे दोन भाव असतात, रोल रेट आणि कट रेट. कट रेट जास्त असतो, आणि तो न कुरकुरता द्यावा, कारण उरलेल्या कापडाची जोखीम त्याने घेतलेली असते. नव्या डिझायनरने प्रदर्शनात शोधायचा तो हा मधला माणूस. त्याला पहिला प्रश्न असा: "कट लेंग्थ देता का, आणि हा कॅटलॉग किती दिवस चालू राहील?" कारण अर्धं घर झाल्यावर कापड 'बंद झालं' हे ऐकण्यासारखी आपत्ती नाही.

आणि मग हँगर. स्टॉलच्या कडेला लोखंडी नळीवर कापडाचे हातभर नमुने टांगलेले असतात, प्रत्येकाच्या डोक्यावर पुठ्ठ्याची पट्टी. बहुतेक पहिलटकर कापडाचा फोटो काढतात आणि पुढे जातात. पुठ्ठा उलटून मागचं बारीक अक्षर वाचणारे थोडे. या प्रकरणाचा खरा ऐवज त्या बारीक अक्षरातच आहे, तेव्हा एक हँगर हातात घेऊन सावकाश वाचू या.

समजा लिहिलंय: पॉलिएस्टर 78 टक्के, व्हिस्कोस 22 टक्के. पन्हा 140 सें.मी. वजन 532 ग्रॅम. मार्टिनडेल 30,000. रिपीट 64 सें.मी.

वजनापासून सुरू करू, कारण तिथे चकवा आहे. शेजारच्या स्टॉलवर तशाच कापडावर 380 लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, ते हलकं. नीट पाहा. एकाने प्रति चौरस मीटर वजन दिलंय, जीएसएम. दुसऱ्याने लांबीच्या एका मीटरचं दिलंय, जीएलएम. पन्हा 1.4 मीटर असेल तर 380 गुणिले 1.4 बरोबर 532. कापड तेच आहे. मोठा आकडा छापला की कापड जाड वाटतं, एवढाच काय तो फरक.

मार्टिनडेल हे घासणीचं माप. लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेतल्या मार्टिनडेल यांनी 1942 मध्ये हे यंत्र मांडलं. कापडाचा नमुना आणि लोकरीचं प्रमाणित कापड वजनाखाली एकमेकांवर घासतात. हालचाल सरळ रेषेत नसते, वळणं घेत सगळ्या दिशांनी होते. विणलेल्या कापडाचे दोन धागे तुटेपर्यंत किती फेरे झाले, तो आकडा. रोजच्या बैठकीच्या सोफ्याला 20 ते 25 हजार पुरतात. दवाखान्याच्या किंवा हॉटेलच्या प्रतीक्षागृहाला 30 हजारांच्या वरचं घ्यावं. अमेरिकी कापडावर मात्र वायझेनबीक या पद्धतीचे 'डबल रब्ज' लिहिलेले असतात. तिथलं यंत्र वेगळं, हालचाल वेगळी. दोन आकड्यांची तुलना करू नये, कोणताही विक्रेता कितीही आत्मविश्वासाने करून दाखवो. आणि लाखभर रब्जची जाहिरात करणारं कापड घरच्या सोफ्यावर लाख वर्षं टिकत नाही. ते बहुतेक वेळा घासून फाटण्याआधी मळून, गोळे धरून किंवा विटून जातं. म्हणून आणखी एक आकडा विचारायचा: उन्हातल्या रंगाच्या टिकाऊपणाचा. तो निळ्या लोकरीच्या पट्ट्यांशी ताडून 1 ते 8 मध्ये देतात. पश्चिमेच्या खिडकीवर 5 च्या खालचा पडदा लावणं म्हणजे दोन उन्हाळ्यांनी गिऱ्हाइकाचा फोन ओढवून घेणं.

रिपीट हा शब्द सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्याची किंमत फार थोड्यांनी काढलेली असते. नक्षी दर 64 सें.मी.ला पुन्हा सुरू होते. पडदा साडेसात फुटांचा, म्हणजे सुमारे 229 सें.मी. वरची पट्टी आणि खालची दुमड मिळून 31. कापायची लांबी 260. दोन पाखांवरची फुलं एका रेषेत यायला हवीत, तर प्रत्येक पाख पूर्ण रिपीटांत कापावी लागते. चार रिपीटांचे 256 होतात, चार सें.मी. कमी पडतात. मग पाच रिपीट, म्हणजे 320. सहा पाखांना 15.6 मीटरऐवजी 19.2 मीटर कापड गेलं. साडेतीन मीटरहून जास्त कापड गेलं ते चार सें.मी.साठी. मीटरला 900 रुपये धरले तर तीन हजारांवर रुपये कातरीखाली पडले. जाणता टेलर इथे सांगतो, "खालची दुमड चार सें.मी.ने कमी करू या का?" आणि प्रश्न मिटतो. पण त्याला विचारायचं तर रिपीट आपल्याला आधी माहीत हवं, आणि ते हँगरच्या मागेच छापलेलं असतं.

आकडे वाचून झाले की हात लावायचा. जवळ एक पांढरा सुती रुमाल ठेवावा. गडद कापडावर तो कोरडा घासून पाहायचा, मग कोपरा ओला करून. विक्रेत्याला विचारूनच करावं, पण विचारायला लाजू नये. मरून आणि नेव्ही ब्लू या रंगांनी पांढऱ्या कुर्त्यांची वाट लावलेली घरं मी पाहिली आहेत. मग नमुना घेऊन हॉलच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात यायचं. प्रदर्शनातले दिवे हे त्या धंद्यातलं अर्धं कसब आहे. दोन कापडं एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्याखाली फटकून वेगळी दिसतात, कारण दोन्हींत रंगद्रव्यं वेगळी असतात आणि ती प्रकाशातले वेगवेगळे भाग परत पाठवतात. शास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. रंगाई कारखान्यात म्हणूनच एक छोटी पेटी असते. तिच्यात दिवसाचा उजेड, दुकानातली ट्यूब, घरातला पिवळा दिवा असे वेगवेगळे प्रकाश पाळीपाळीने लावून कापड तपासतात. आपल्याकडे पेटी नाही, पण पार्किंगमधलं ऊन फुकट आहे.

मुंबई-कोकणात काम करणाऱ्यांनी एका वस्तूपाशी जास्त थांबायला हवं: नकली चामडं. दिसायला देखणं, पुसायला सोपं, आणि प्रदर्शनात त्याच्या भिंतीच्या भिंती लागलेल्या असतात. यात दोन मोठ्या जाती, पीव्हीसी आणि पीयू. पीयू मऊ, अंगाला गार न लागणारं, म्हणून गिऱ्हाईक त्यावरच बोट ठेवतं. पण साध्या पीयूचे रासायनिक बंध हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटतात. या क्रियेला हायड्रोलिसिस म्हणतात. चार-पाच पावसाळे गेले की सोफ्याचं साल निघायला लागतं आणि त्याचे काळे कपटे घरभर, पायांना, लहान बाळाच्या दुपट्याला चिकटतात. पीयूच्या उंची जाती या ओलाव्यापुढे टिकतात. त्यांची उष्ण, दमट पेटीत आठवडेच्या आठवडे ठेवून परीक्षा घेतात. धंद्यात तिला 'जंगल टेस्ट' म्हणतात. "किती आठवड्यांची हायड्रोलिसिस टेस्ट आहे?" असं विचारलं की विक्रेत्याचा सूर बदलतो. आकडा सांगितला तर छानच. "अहो मॅडम, इम्पोर्टेड आहे," असं उत्तर आलं तर पुढच्या स्टॉलकडे चालू लागावं.

चादरींच्या दालनात आकडेबाजी आणखी रंगते. थ्रेड काउंट म्हणजे एक चौरस इंचातले उभे आणि आडवे धागे मिळून संख्या. साध्या विणीत सुती धाग्याने 300-400 च्या पुढे जाणं अवघड. मग 1000 चा आकडा येतो कुठून? बहुतेकदा पीळ दिलेल्या धाग्यातला प्रत्येक पदर वेगळा मोजून. अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या अधिकाऱ्यांनी 2005 मध्येच म्हटलं होतं, की अशी मोजणी गिऱ्हाइकाची दिशाभूल करू शकते. आणि 2016 मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीने 'इजिप्शियन कॉटन' म्हणून विकलेल्या काही चादरींत तसा कापूस नसल्याचं सांगून आपल्या भारतीय पुरवठादाराशी संबंध तोडले, तेव्हा साऱ्या धंद्याला लेबलाची किंमत कळली. चादर घेताना आकडा ऐकावा, पण कापसाच्या तंतूची लांबी आणि वीण विचारावी, आणि धुतल्यावरचा नमुना मागावा.

टॉवेलच्या स्टॉलवर आपली माणसं भेटतात. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, आणि स्टॉलवर मालक स्वतः उभा असतो. त्याच्याशी मराठीत बोला. "एमओक्यू काय?" यापेक्षा "तुमच्याकडे माग किती? रंगाई घरची की बाहेरची?" हे विचारा. बाकीच्यांना दोन मिनिटं देणारा हा माणूस खुर्ची ओढून देतो. लूप दोन्ही बाजूंनी एकसारखे आहेत का, कडेची शिवण दुहेरी आहे का, हे तो स्वतःच दाखवतो. एखाद्या होमस्टेसाठी शंभरेक टॉवेल लागले तर अशा ओळखीतून वेगळा रंग आणि कडेला नावही विणून मिळू शकतं. याच फेरीत भदोहीचे गालिचे, पानिपतच्या चटया आणि ब्लँकेट, करूरचं स्वयंपाकघरातलं कापड, जोधपूरचं लाकूड, मुरादाबादचं पितळ असा अख्खा देश एका छताखाली पाहायला मिळतो, आणि गावोगावचा एकेक धंदा एकेका वस्तूत किती खोल उतरला आहे ते समजतं. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही. शिकवायला हवं.

उलट ज्यावर सगळे तुटून पडतात ते 'ट्रेंड' दालन मी झरझर पाहून बाहेर येते. अंधारलेली खोली, चार रंगांच्या पाट्या, हवेत टांगलेलं कापड आणि काहीतरी गूढ मथळा. पँटोन कंपनी 2000 सालापासून दर वर्षी एक रंग जाहीर करते. धंद्याला ते सोयीचं आहे, कारण गिरण्या, रंगकाम आणि दुकानं यांची गाठ त्यामुळे एकाच वर्षी पडते. पण ठाण्यातलं दोन खोल्यांचं घर दर वर्षी रंगवलं जात नाही. मध्यमवर्गी घराचे पडदे सात-आठ वर्षं आणि सोफा पंधरा वर्षं चालतो. ज्या रंगाचा वर्षाने कंटाळा येईल तो उशीच्या अभ्र्यावर ठेवावा, सोफ्यावर चढवू नये.

फोटोंबद्दल एक. अनेक स्टॉलवर 'फोटो काढू नयेत' असं लिहिलेलं असतं आणि नव्या लोकांना ते आखडूपणाचं वाटतं. भारतात 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदलेल्या रचनेला दहा वर्षं संरक्षण मिळतं, ते आणखी पाच वर्षं वाढवता येतं. पण हंगामात शंभर नक्षी काढणारी गिरणी त्यातल्या किती नोंदवणार? फोटो दुपारी निघतो आणि नक्कल दिवाळीला बाजारात येते. परवानगी मागा. हँगरच्या पुठ्ठ्याचा फोटो काढायला सहसा कुणी नाही म्हणत नाही, आणि आपल्याला हवा असतो तोच.

कमिशनचा विषय कुणी पुस्तकात काढत नाही, पण प्रदर्शनात तो पहिल्याच दिवशी निघतो. "मॅडम, तुमचं टक्केवारीचं बघून घेऊ." माझं मत सरळ आहे. आपली फी गिऱ्हाइकाकडून उघड घ्यावी आणि विक्रेत्याने दिलेली सूट गिऱ्हाइकाच्या बिलात दिसावी. टक्का घेतला की कापडाला नाही म्हणण्याची ताकद जाते, आणि या व्यवसायात आपण विकतो ती मुख्य गोष्ट म्हणजे ते नाही म्हणणं.

पहिल्या वर्षी मिलानचं स्वप्न बाजूला ठेवलं तरी चालेल. तिकीट, राहणं आणि तिथल्या गर्दीत आपली मर्यादा ओळखायला लागणारं मनोधैर्य, तिन्ही महाग. आधी गोरेगाव करा, आणि जमलं तर एखाद्या सुट्टीत सोलापूर किंवा इचलकरंजीला जाऊन चालू माग पाहून या. मागाचा आवाज एकदा कानात बसला की एमओक्यू कुणी समजावून सांगावा लागत नाही.

पायांत जुने, सवयीचे बूट घाला. शेवटच्या दिवशी जाऊ नका, दुपारपासूनच आवराआवर सुरू होते. कॅटलॉग घरी आणू नका, कुरिअरने मागवा, नाहीतर पाचव्या स्टॉलला खांदा निखळतो. मिळालेल्या प्रत्येक कार्डाच्या मागे तिथेच, उभ्या उभ्या, तीन गोष्टी लिहा: काय पाहिलं, कट रेट काय सांगितला, माल किती दिवसांत देतो. आणि आठवड्याच्या आत त्यातल्या निदान पाच जणांना फोन करा, नुसता व्हॉट्सॲप नको. प्रदर्शनात शेकडो कार्डं वाटणाऱ्या माणसाला नंतर फोन करणारे थोडेच असतात. त्याला नाव आठवतं ते त्यांचंच.